सहा बोटांचा ठसा

“तुमचा पातळ आहे,” टपालपेटीपाशी उभी राहून पद्मजा म्हणाली.

तिच्या हातात दोन लिफाफे होते. दोन्ही वन्यजीव खात्याकडून आलेले. एकावर माझं नाव, धैर्यशील इंगळे. तो इतका पातळ की उन्हात धरला असता तर आरपार वाचता आला असता. दुसऱ्यावर तिचं नाव होतं आणि त्यात काहीतरी जाड होतं. मी आयुष्यात नोकरीसाठी पुष्कळ अर्ज केलेत. पातळ लिफाफ्यात काय असतं ते मला न उघडता कळतं.

“तुझा उघड,” मी म्हणालो.

“आत जाऊन उघडू की.”

“इथंच उघड.”

तिनं उघडला. आतलं कार्ड उलटसुलट करून वाचलं. “एल्क, नर, ठासणीची बंदूक, सप्टेंबर,” ती म्हणाली. “अहो, लागला की.” तिला हसू फुटलं आणि माझ्याकडे बघून तिनं ते लगेच आवरलं. ते आवरलेलं हसू मला जास्त झोंबलं.

ही २००३ सालच्या जूनमधली गोष्ट. आम्ही तेव्हा कोलोरॅडोत, डोंगराच्या पायथ्याशी एका लहान गावात राहत होतो. मी रस्त्यांच्या सर्व्हेचं काम करायचो, पद्मजा इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्त तपासायची. लेक कॉलेजसाठी बाहेरगावी गेली होती आणि घर रिकामं वाटायला लागलं होतं. अशात एल्कच्या शिकारीला जायची कल्पना निघाली. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला चुलतभाऊ, अंगानं खिलारी बैलाएवढा. परवाने सोडतीनं निघतात. ज्याच्या नावाचा परवाना त्यानंच बंदूक उचलायची. दुसऱ्यानं सोबत जावं, ओझी वाहावीत, पण चापाला बोट लावायचं नाही. पैसेवाले लोक वाटाड्या, घोडे, स्वयंपाकी असा लवाजमा घेऊन जातात. आम्ही सगळं आपलं आपण करणार होतो. जागा आपण शोधायची, तंबू आपल्या पाठीवर, आणि जनावर मिळालंच तर तेही आपल्याच पाठीवर.

ही सगळी कल्पना माझी होती, हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवतो. शिकारीचं सक्तीचं शिक्षण असतं, त्या वर्गालाही मीच नाव घातलं होतं. बर्फ पडत होतं म्हणून पद्मजा गाडी चालवायला आली आणि मागच्या बाकावर बसली. पुढच्या आठवड्यात तिनंही नाव घातलं. “तुम्ही एकटे डोंगरात जाणार आणि मी इथं खिडकीत बसून वाट बघणार, जमायचं नाही,” म्हणाली. परीक्षेत तिला पन्नासपैकी पन्नास पडले. मला त्रेचाळीस.

तेही मी हसून साजरं केलं होतं. पण हा लिफाफा वेगळा होता आणि त्याचं कारण आजऱ्याला होतं.

आजऱ्याला, माझ्या गावी, माझे वडील, आबा. पंचाहत्तरीचे. तरुणपणी त्यांची शिकारीची टोळी होती. सरकारनं शिकार बंद करेपर्यंत ते वरच्या रानात सांबराच्या मागे जात, खांद्यावर ठासणीची बंदूक टाकून. माझा थोरला भाऊ आनंदराव, त्याला ते दहाव्या वर्षापासून बरोबर नेत. मला कधी नेलं नाही. मला लहानपणी बाळदमा होता. तो गेला, पण घसा खाकरायची खोड मागे ठेवून गेला. आबांचा नियम होता, खोकणारा माणूस रानात नको. पहाटे ते दोघं निघायचे तेव्हा मी वाकळेत तोंड दाबून खोकायचो, म्हणजे ऐकू गेलं नाही तर एखादे वेळी हाक येईल. कधी आली नाही.

शिवाय आबा माझ्याशी बोलत नसत. भांडण नव्हतं, तशी रीतच होती. आमच्याकडे बाप मुलाशी आईच्या तोंडून बोलतो. आम्ही दोघं एकाच ओळीत जेवायला बसलेलो असायचो आणि आबा आईला म्हणायचे, “त्याला इचार, गणितात किती पडल्यात.” आई माझ्याकडे बघायची, मी आईला आकडा सांगायचो आणि आबा तो ऐकून पुढचा घास घ्यायचे. आनंदरावाशी मात्र ते थेट बोलत, कारण रानात मध्ये आई नसायची.

आई गेल्यावर दर रविवारी सकाळी मी फोन लावायचो. तिकडे संध्याकाळ असायची.

“बरं हाय न्हवं?” आबा विचारायचे.

“बरं आहे.”

“सूनबाईकडं दे.”

एवढंच. दोन वर्षं हेच. मग मी एल्कचं काढलं आणि फोनवर पहिल्यांदा आबा गप्प झाले. दमानं म्हणाले, “सूनबाईकडं दे.” तिला विचारलं, “बंदूक कसली घेनार हाय त्यो?” ठासणीची, असं कळल्यावर तिकडून खोल श्वास ऐकू आला, म्हणे. त्या दिवशी माझ्या मनानं घेतलं. परवाना माझ्या नावाचा आला की वारं, पाणी, माग, बार, हे सगळं त्यांना मलाच सांगावं लागेल. पंचेचाळीस वर्षांचा झालो होतो मी. पण त्या एका परवान्यावर मी एवढं लावून बसलो होतो.

आणि परवाना सुनेच्या नावानं आला.

त्या रविवारी तिनं बातमी सांगितली. मी समोर पेपर धरून बसलो होतो. दहा मिनिटं झाली, वीस झाली. पद्मजानं मधेच कागद-पेन्सिल ओढली आणि लिहून घ्यायला लागली. “व्हय आबा.” “न्हाई, हितं शेणी कुठल्या मिळायच्या.” “लाकडाची चालंल न्हवं?” ती मूळची गडहिंग्लजची. आबांशी बोलताना तिची भाषा परकर नेसून अंगणात खेळायला लागायची. पन्नास मिनिटांनी फोन ठेवला तेव्हा तिचा कान लाल झाला होता.

“काय म्हणाले?” मी पेपराआडून विचारलं.

“राखेची पुरचुंडी करायला सांगितली. जुन्या धडप्याची. झटकली की राख ज्या अंगाला जाते तिकडं वारं. वारं बघितल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही.”

“इथं त्याच्या बाटल्या मिळतात विकत.”

“मिळू देत. मी पुरचुंडीच करणार.”

तिनं बार्बेक्यूच्या शेगडीत लाकडं जाळली, राख दोनदा चाळली आणि आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधली. लुगडं माझ्या आईचं होतं. तिनं ते माझ्याच बॅगेतून काढलं होतं. मी मनात त्याची नोंद केली.

मग उन्हाळाभर तयारी चालली. शनिवारी सकाळी आम्ही शाळेच्या मैदानाच्या पायऱ्या चढायचो, पाठीवरच्या सॅकमध्ये सोनामसुरीच्या वीस-वीस पौंडांच्या पिशव्या घालून. मी दोन पिशव्यांवर सुरुवात केली, तीसुद्धा दोन. जुलैत तिनं तिसरी चढवली. मीही चढवली आणि अर्ध्या पायऱ्यांवर बुटाची नाडी बांधायला बसलो. ती वर पोचून, वळून, कमरेवर हात ठेवून उभी. “नाडी सुटली,” मी ओरडून सांगितलं. पुढच्या शनिवारी तिनं मला न विचारता माझ्या सॅकमधली एक पिशवी कमी केली. त्या रात्री भात केला तो त्याच पिशवीतला. मी दुसऱ्यांदा वाढून घेतला नाही.

नेमबाजीच्या मैदानावर ओल्सन नावाचे एक म्हातारे गृहस्थ येत. ठासणीच्या बंदुकीचे जाणकार. दारू मोजून घालायची, गोळी गजानं ठासायची, वर ठिणगी देणारी टोपी बसवायची, आणि हे सगळं प्रत्येक बाराला नव्यानं. पद्मजाचा हात वीस वर्षं लोकांच्या शिरांत सुया घालत आलेला. तिची दारू एका कणानं इकडेतिकडे व्हायची नाही. पंचाहत्तर यार्डांवर कागदाची ताटली लावलेली. तिचे पाचही बार ताटलीत. माझे तीन, आणि चौथा शेजारच्याच्या ताटलीत. ओल्सननी टोपी काढून तिला लवून दाखवलं. मला म्हणाले, तुम्ही नशीबवान आहात. हे वाक्य मी लग्नात ऐकलं होतं तेव्हा मला आवडलं होतं.

मत्सर माणसाला किती हलकं करतो ते मी त्या उन्हाळ्यात पाहिलं. एकदा ती बंदुकीची पेटी उचलून दारातून बाहेर पडत होती आणि मी मागून मुद्दाम विचारलं, “कुठं चाललीस?” आमच्याकडे बाहेर पडणाऱ्या माणसाला ‘कुठं’ विचारत नाहीत. शिकाऱ्याला तर नाहीच नाही. पद्मजा उंबऱ्यावर थांबली. पेटी खाली ठेवली. परत आत आली, खुर्चीत बसली, पेलाभर पाणी प्याली, माझ्याकडे शांतपणे बघितलं आणि निघून गेली. त्या दिवशीही पाचाला पाच.

आणि दर रविवारी फोन. बरं हाय न्हवं, बरं आहे, सूनबाईकडं दे. पुढं तासभर हसणं-बोलणं. आबांनी कांदा-लसूण तीन दिवस आधीपासून बंद करायला सांगितलं. आबांनी बार भरताना तोंडात पान नको म्हणून सांगितलं, जसं काही आम्ही पानं खात होतो. आबांनी एकदा डुकरानं कुणाला झाडावर चढवलं ती गोष्ट सांगितली आणि पद्मजा डोळे पुसत हसली. ती गोष्ट मला माहीत नव्हती. माझ्या बापाची गोष्ट मला माझ्या बायकोकडून ऐकावी लागली, आणि ती सांगताना तिनं आबांची नक्कल केली तीही हुबेहूब. मी म्हणालो, “एवढं काय हसण्यासारखं आहे त्यात?” त्यानंतर तिनं मला गोष्टी सांगणं बंद केलं. मग मला त्याचाही राग यायला लागला.

एकच काम माझं होतं, नकाशांचं. तिथं माझा हात कुणी धरू शकत नव्हतं. उंचीच्या रेषा वाचून मी डोंगर डोळ्यांपुढे उभा करू शकतो. जेवणाच्या टेबलावर सरकारी नकाशे पसरून मी एक खोरं निवडलं. रस्ता संपतो तिथून सहा मैल आत, दहा हजार फुटांवर. ऑगस्टमध्ये आम्ही ते बघायला गेलो. एका सुक्या ओढ्यापाशी वाट फुटत होती. ठरलं की तिनं डावीकडची धार बघायची, मी उजवीकडे उतरायचं, आणि दोन वाजता परत तिथंच.

उजवीकडे तासभर काहीच नव्हतं. मग एका फरच्या झाडाची साल शिंगं घासून उभी सोललेली दिसली, पुरुषभर उंचीवर. पुढं दुसरं खोड. मग गवतात दबलेली एक रेघ, वाट म्हणावी तर वाट नव्हे. मी तिच्या कडेकडेनं चालत गेलो. माझ्या लक्षात आलं की मी पाय अलगद टाकतो आहे आणि तासाभरात एकदाही खाकरलेलो नाही. झाडी उघडली आणि समोर एक पाणथळ तुकडा आला, अंगणाएवढा. काळा चिखल, घुसळलेला. सांबरं अशी लोळतात, हे मी लहानपणी चुलीपाशी चोरून ऐकलेलं. वास तर असा उग्र की डोळ्यांना पाणी यावं. कडेला एकच ठसा होता, ताजा, पाणी अजून त्यात झिरपत होतं. मी गुडघ्यावर बसून त्याला बोटं लावली. सहा बोटं भरली. उठताना एक पाय मांडीपर्यंत चिखलात गेला.

मला एवढा आनंद आयुष्यात फार वेळा झालेला नाही. मी तिथं एकटाच हसत उभा होतो. कुणी दाखवलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. आणि मग एकदम मनात आलं की आता हे मी पद्मजाला सांगणार, पद्मजा रविवारी आबांना सांगणार, आणि सप्टेंबरात इथं बसून बार काढणार ती. आजऱ्यात बोलबाला होणार तो सुनेचा.

दोन वाजता ती ओढ्यापाशी बसलेली होती.

“माझ्याकडं जुन्या लेंड्या आणि वारं,” ती म्हणाली. “तुमच्याकडं?”

“काही नाही.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही. ओढ्यात पाय घसरला तेवढा. डावीकडचीच धार बरी. तिथंच बसू सप्टेंबरात.”

तिनं माझ्या पँटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “बरं,” म्हणाली. गाडीत बसल्यावर म्हणाली, “काच जरा उघडी ठेवा.”

घरी आल्यावर टेबलावरच्या नकाशावर मी डाव्या धारेवर लाल खूण केली. उजव्या अंगाला काही नाही. माझ्याकडे त्याच नकाशाची दुसरी प्रत होती. तिच्यावर पेन्सिलीनं एक ठिपका दिला आणि ती घडी करून कपाटात ठेवली. पुढच्या वर्षी सोडतीत माझं नाव येईल. तोवर ती जागा माझी. मी स्वतःला सांगितलं की यात चोरी काही नाही.

तरी झोप नीट लागेना. तिची तयारी चालूच होती. शेंगदाण्याची चटणी लसणाशिवाय, दशम्या, तिळाच्या वड्या. प्रत्येक पुडी वजन करून. लॅबमधून आठवडाभराची रजा मिळवायला तिनं दोन महिने रविवार सोडून सगळ्या सुट्ट्यांना काम केलं होतं. ती डाव्या धारेवर पाच दिवस बसणार होती, वारं खात. आणि ओझी वाहायला मी मागं असणार होतो, सगळं ठाऊक असून.

मोसम शनिवारी सुरू होणार होता. त्याआधीचा रविवार. सकाळचे नऊ. मी फोन लावला, बरं हाय न्हवं, बरं आहे, आणि फोन स्वयंपाकघरात पद्मजाकडे दिला. मी वरच्या खोलीत सॅक भरायला गेलो. पलंगाशेजारी दुसरा बिनतारी फोन होता, त्याच लायनीचा. खालून हसण्याचा आवाज येत नव्हता. पहिल्यांदाच येत नव्हता. माझा हात फोनकडे गेला. असं मी पूर्वी कधी केलं नव्हतं, पण तोपर्यंत मी बरंच काही पहिल्यांदा करून चुकलो होतो.

“...म्हंजे लोळन हाय तितं. नक्की?” आबांचा आवाज.

“नक्की आबा. पँट मी तीनदा धुतली. अजून मशीनला वास हाय. ओढ्यातल्या पान्याला असला वास येतोय व्हय? सालीचं तुकडं हुतं खिशात.”

“मग त्यो काय म्हंतोय?”

“काय बोलनातच. नकाशावर बी खून न्हाई. मला म्हंत्यात डावीकडं बस.”

“मग डावीकडं बस.”

“आबा, पाच दिसांची तर गोष्ट हाय. मी सरळ इचारू का त्यास्नी?”

“इचारायचं न्हाई.” आबांचा आवाज चढला. “आमच्या टोळीत ह्यो कायदा हुता. ठसा ज्याला दिसला, जागा त्याची. त्यानं बोलवलं तर जायचं. न्हाई बोलवलं तर तिकडं बघायचं बी न्हाई. मारत्या गवळ्याला एकदा ठसा दिसल्याला. चार दिस त्यानं तोंड उघडलं न्हाई. आम्ही चार दिस करवंदं खाऊन काढली, पर त्याच्या जागंवर कुनी पाय ठेवला न्हाई.”

खाली पद्मजानं खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“एक सांग,” आबा म्हणाले. आता आवाज उतरला होता. “एकटाच गेलता त्यो? कुनी दावलं न्हाई?”

“कोन दावनार हितं आबा? एकटेच गेलते.”

तिकडे बाज करकरली.

“थोरल्याला म्या सात वर्सं रानात हिंडवला,” आबा म्हणाले. “त्याला एक ठसा म्हून गावला न्हाई कदी. समूर असला तरी वलांडून जायाचा. आन् ह्यो घरात हुता. वाकळंत तोंड घालून खोकायचा, मला ऐकू यायचं. म्या तसाच जायाचो.”

मला तेव्हा खोकला आला. पंचेचाळीस वर्षांचा जुना खोकला, नको त्या वेळी येणारा. मी तोंडावर उशी दाबली, पण फोन दुसऱ्या हातात तसाच होता.

तिकडे आबा थांबले. खाली पद्मजा थांबली. मी फोन ठेवून देऊ शकत होतो. ठेवला असता तर कुणी कधी विषय काढला नसता, आमची माणसं तशी समजूतदार आहेत. मला लाज वाटत होती आणि त्या लाजेतही मला तिचा रागच येत होता, की तिला सगळं माहीत होतं आणि ती महिनाभर चटण्या वजन करत बसली.

“सूनबाई,” आबा म्हणाले.

“आं?”

“त्याला सांग, जेष्ठमध घ्यायचं बरूबर. तोंडात धरलं की खोकला दबतोय.”

“सांगते.”

“आन् इचार त्याला, ठसा किती बोटं हुता.”

पद्मजानं खालून हाक मारली, “अहो, आबा विचारतायत, ठसा किती बोटं होता?” तिचा आवाज मला दोनदा ऐकू आला, एकदा जिन्यावरून आणि एकदा कानातल्या फोनमधून. ती जिन्याशी येऊन उभी राहिली असणार. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. आई विचारायची तसं तिनं विचारलं होतं, ताटात वाढता वाढता.

मी जिन्याकडे तोंड करून उत्तर देऊ शकलो असतो. तीच रीत होती.

“सा बोटं,” मी फोनमध्ये म्हणालो. “लांबीला. सा बोटं, आबा.”

बोलून गेल्यावर कळलं की मी ‘सहा’ म्हणालो नव्हतो.

तिकडे घोटभर पाणी प्यायल्याचा आवाज आला. “सूनबाई,” आबा म्हणाले, “त्यो म्हंतोय सा बोटं. म्हंजे लई मोठं जनावर हाय. त्याला इचार, खुरांची टोकं कशी हायत. टोकदार का घासल्याली?”

पद्मजा नुसती “हं,” म्हणाली.

“घासलेली,” मी म्हणालो. “डावं जास्त.”

“म्हंजे म्हातारा नर. पानी कुटल्या अंगानं येतंय?”

“वरनं. उत्तरेकडनं झरा आहे.”

“सकाळचं वारं?”

“खाली उतरतं. आपण खालच्या बाजूनं गेलो तर त्याला वास लागायचा नाही.”

“व्हय. बराबर हाय.” मग ते थांबले, बहुतेक त्यांच्या लक्षात आलं होतं. “बराबर हाय म्हनावं त्याला, सूनबाई.”

असं किती वेळ चाललं कोण जाणे. आबा विचारायचे सुनेला, उत्तर द्यायचो मी, आणि पद्मजा मध्ये हं म्हणून वाट मोकळी ठेवायची. त्यांनी साल किती उंचीवर सोललेली तेही विचारलं, आणि मी सांगितल्यावर तिकडे आनंदरावाला हाक मारून ते ऐकवलं. लोक मला अजून विचारतात, त्या वर्षी एल्क मिळालं का. ती गोष्ट पद्मजाची आहे, तिला विचारा, ती तासभर सांगते.

शेवटी आबा म्हणाले, “आता एकच. सूनबाई, त्याला इचार, तुला जागंवर बोलवनार हाय का न्हाई.”

यावर पद्मजा हं म्हणाली नाही. मला खाली स्वयंपाकघरातलं घड्याळ ऐकू येत होतं. मी उठलो, कपाट उघडलं, नकाशाची घडी काढली आणि फोन तसाच कानाला धरून जिन्याशी आलो. ती खालच्या पायरीवर उभी होती, तिच्याही कानाला फोन. मी चार पायऱ्या उतरून नकाशा तिच्या हातात दिला. तिनं पेन्सिलीचा ठिपका पाहिला आणि त्यावर अंगठा ठेवला.

“शनिवारी पहाटे,” मी फोनमध्ये म्हणालो. “मी पुढं चालणार. ती माझ्या मागनं.”

“सून...” आबांनी सुरू केलं आणि मधेच सोडून दिलं.

“मग खोकू नगंस बाळा,” ते म्हणाले.

पद्मजानं तिचा फोन कानावरून काढला आणि खाली ठेवला.